परदेशातील महामार्गावर इंजिनाचा दिवा लागला तर...

लंडनच्या विमानतळावर भाड्याची मोटार ताब्यात घ्यायची आणि लेक डिस्ट्रिक्टमार्गे थेट स्कॉटलंड गाठायचे, हा बेत आता मराठी घरांत नवलाईचा राहिलेला नाही. ब्रिटनमध्ये वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि पर्यटकाला भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत मोटार चालविता येते. त्यामुळे रस्त्याची धास्ती फारशी वाटत नाही. पंचाईत होते ती एम-६ महामार्गावर ताशी ७० मैलांच्या, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरच्या वेगात असताना समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा उजळतो तेव्हा. गाडी परक्याची, ओळखीचा मेकॅनिक नाही, मागच्या आसनावर मुले झोपलेली. अशा वेळी चालक बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. घाबरून तेथेच कडेला थांबतो किंवा 'सेन्सर बिघडला असेल' म्हणत उरलेला सारा प्रवास तसाच दामटतो. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. मात्र पहिला थेट जिवावर बेतू शकतो.

हा दिवा मुळात इंजिन वाचविण्यासाठी जन्माला आलेला नाही. त्याचा उगम हवेच्या प्रदूषणात आहे. धुरातील घातक घटक वाढविणारा बिघड झाला, तर तो चालकाला कळावा, या हेतूने मोटारीतील संगणकाने स्वतःची तपासणी करीत राहावे, असे बंधन आधी कॅलिफोर्नियाने व नंतर अमेरिकेने घातले. १९९६ पासून तेथील सर्व नव्या मोटारींत 'ओबीडी-२' ही प्रणाली आली. युरोपात पेट्रोल मोटारींना २००१ पासून आणि डिझेल मोटारींना त्यानंतर काही वर्षांनी तशीच प्रणाली लागू झाली. भारतात तिचे पहिले रूप २०१० मध्ये व दुसरे २०१३ मध्ये आले. बिघाड आढळला की संगणक त्याचा सांकेतिक क्रमांक स्मरणात ठेवतो आणि दिवा लावतो. 'पी-०४२०' म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता घटली, 'पी-०३००' म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. दिवा एकच; त्यामागची कारणे शेकडो. म्हणूनच केवळ दिवा पाहून निदान करता येत नाही.

मग चालकाने पाहायचे काय? रंग, आणि दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे. पिवळा दिवा स्थिर असेल, गाडीची ओढ, आवाज आणि तापमान नेहमीसारखे असेल, तर वेग थोडा कमी करून पुढच्या सर्व्हिस एरियापर्यंत किंवा महामार्गाबाहेर पडण्याच्या फाट्यापर्यंत जाणे हेच शहाणपणाचे. काही वेळा गाडी स्वतःच ताकद रोखून धरते आणि ॲक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नाही. ही इंजिनाने स्वतःच्या बचावासाठी घेतलेली पवित्र्याची अवस्था असते. तिच्याशी झुंज न देता डावी लेन धरावी. पिवळा दिवा लुकलुकू लागला, तर मात्र प्रकरण निराळे. न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटत असते आणि तो महागडा भाग काही मिनिटांत निकामी होऊ शकतो. वेग ताबडतोब उतरवून लवकरात लवकर सुरक्षित जागा गाठावी.

लाल दिव्यांशी वाटाघाटी नाहीत. थेंब गळणाऱ्या तेलाच्या बुधलीचे लाल चिन्ह म्हणजे तेलाचा दाब गेला. सुरक्षित जागी पोहोचताच इंजिन बंद करावे, अन्यथा ते कायमचे जखडते. लाटांवरील तापमापीचे चिन्ह इंजिन तापल्याचे सांगते. थांबण्याची जागा येईपर्यंत गाडीतील हीटर पूर्ण सोडला की इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते. बॉनेटखालील पाण्याच्या टाकीचे झाकण गरम असताना उघडण्याचा मोह टाळावा. वाफेने हात भाजण्याचे प्रकार घडतात.

इंधनाच्या टाकीचे झाकण घट्ट लावले की दिवा जातो, हा सल्ला अमेरिकेतील नातेवाईक हमखास देतात. तो तेथे खरा आहे, कारण इंधनाच्या वाफेची गळती तपासणे तेथील नियमांनुसार आवश्यक आहे. युरोपच्या नियमांत तशी सक्ती नव्हती. त्यामुळे ब्रिटनमधील भाड्याच्या गाडीत हा उपाय सहसा लागू पडत नाही. तेथे डिझेल गाडी मिळाली, तर काजळी अडविणाऱ्या फिल्टरचा वेगळा पिवळा दिवा लागू शकतो. शहरात सतत थांबत-थांबत चालविल्याने तो फिल्टर भरतो आणि महामार्गावर काही वेळ सलग वेगाने चालविल्यास काजळी जळून जाते. म्हणजे तेथे थांबणे नव्हे, तर चालत राहणे हा उपाय असतो! गाडीतील माहितीपुस्तिका चाळण्याचे हे एक चांगले निमित्त.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, थांबायचे कोठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कडेला गाडी लावून बॉनेट उघडणारी मंडळी नित्य दिसतात. ती सवय ब्रिटनमध्ये नेऊ नये. तेथील 'हायवे कोड'नुसार महामार्गावर बिघाड झाल्यास शक्यतो पुढच्या फाट्यावरून बाहेर पडावे. ते अशक्य असेल, तरच डावीकडील राखीव पट्टीवर थांबावे. एम-६सह अनेक महामार्गांच्या काही भागांत तर ही पट्टीच उरलेली नाही. तिचे रूपांतर वाहतुकीच्या लेनमध्ये झाले आहे. या 'स्मार्ट' महामार्गांवरील अपघातांनंतर टीकेचा भडिमार झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने असे नवे रस्ते न बांधण्याचे जाहीर केले. मात्र जे बांधले गेले ते आहेत. तेथे ठरावीक अंतरावर नारिंगी रंगाचे आपत्कालीन थांबे असून त्यांत दूरध्वनीही आहे.

थांबल्यावर चारही इंडिकेटर सुरू करावेत, सर्वांनी डाव्या दारांनी उतरावे आणि कठड्यापलीकडे जाऊन उभे राहावे. पाऊस आहे म्हणून मुलांना गाडीत बसवून ठेवणे हा लाड महागात पडतो. किरकोळ दुरुस्तीही तेथे करू नये. डाव्या कडेपर्यंत पोहोचता आलेच नाही आणि उतरणे धोक्याचे असेल, तर पट्टे बांधून आतच बसावे आणि ९९९ क्रमांक फिरवावा. आश्चर्य वाटेल, पण धोक्याचा लाल त्रिकोण ब्रिटनच्या महामार्गावर ठेवायचा नसतो. तो ठेवायला चालत जाणे हाच मोठा धोका मानला जातो. खाडी ओलांडून फ्रान्स किंवा जर्मनीत गेल्यावर नियम बदलतात. जर्मनीत वेगवान रस्त्यावर त्रिकोण सुमारे शंभर मीटर मागे ठेवावा लागतो. फ्रान्समध्ये चमकणारे जाकीट गाडीत असणे सक्तीचे आहे आणि टोल महामार्गावर आपल्या पसंतीची क्रेन बोलाविता येत नाही. रस्त्याकडेच्या नारिंगी दूरध्वनीवरून कळविल्यावर अधिकृत क्रेनच येते. ११२ हा क्रमांक युरोपभर चालतो, ब्रिटनमध्येही.

जीव सुरक्षित झाला की खिशाचा विचार. भाड्याच्या गाडीची दुरुस्ती कंपनीला न विचारता केल्यास खर्च परत मिळण्याची शाश्वती नसते. मदतीचा क्रमांक करारपत्रावर, काचेवर किंवा किल्लीच्या पट्टीवर असतो. सहलीला निघतानाच तो फोनमध्ये नोंदवावा. सुरक्षित जागी थांबल्यावर दिवा व किलोमीटरचा आकडा एकत्र दिसेल असे छायाचित्र काढावे, कळविल्याची वेळ आणि पलीकडून मिळालेली सूचना लिहून ठेवावी. 'चालवत राहा' असे सांगितले गेले, तर तेच एसएमएसने किंवा ई-मेलने मागावे. बहुतेक करारांत चुकीच्या इंधनाने झालेले नुकसान विम्यात धरले जात नाही. ब्रिटनमध्ये पंपाची हिरवी नळी पेट्रोलची आणि काळी डिझेलची, तर अमेरिकेत अनेक पंपांवर हिरवी नळी डिझेलची असते. दोन्ही देशांत फिरलेल्यांची गल्लत येथेच होते.

गाडी ताब्यात घेतानाच किल्ली फिरवून पाहावी. इंजिन सुरू होण्याआधी सर्व दिवे क्षणभर लागतात आणि सुरू झाल्यावर विझतात. इंजिनाचा दिवा विझलाच नाही, किंवा मुळीच लागला नाही, तर दुसरी गाडी मागावी. काही हौशी पर्यटक हल्ली सांकेतिक क्रमांक वाचणारे छोटे यंत्र सोबत नेतात. क्रमांक वाचण्यापुरते ते उपयोगी आहे. पण त्याच यंत्राने नोंद पुसून दिवा घालविण्याची युक्ती भाड्याच्या गाडीत अंगलट येते. नोंद पुसली की संगणकाच्या साऱ्या स्वयंतपासण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि हे कार्यशाळेतील यंत्रावर चटकन दिसते.