क्रियापद शोधा, वाक्य उलगडेल

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक जुने इंग्रजी पत्र अजून जपून ठेवले आहे. वडील कामावरून निवृत्त झाले त्या वर्षी ते आले होते. त्यांच्या हक्काच्या पैशांबद्दल होते. घरात इंग्रजी शिकणारा मी एकटाच, आठवीतला. आईने हात पदराला पुसून पत्र माझ्या हाती दिले. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत बसले.

त्यातले मुख्य वाक्य असे होते : ‘युवर क्लेम, विच वॉज रिसीव्हड लास्ट मंथ, विल नॉट बी पेड अनलेस यू सेंड द सर्टिफिकेट बिफोर द एंड ऑफ जून.’ मला ‘विल नॉट बी पेड’ एवढेच उमगले. मी म्हणालो, “बाबा, पैसे मिळणार नाहीत.” वडील काही बोलले नाहीत. पत्राची घडी घालून त्यांनी ते पेटीत ठेवून दिले.

चार महिन्यांनी शेजारच्या गुरुजींनी ते पत्र वाचले आणि कपाळाला हात लावला. “अरे, नाही म्हटलेलेच नाही! जूनअखेरच्या आत दाखला पाठवला नाही तर मिळणार नाहीत, असे लिहिले आहे.” जून केव्हाच सरला होता. पुढे वर्षभर खेटे घालून पैसे मिळाले, पण तोवर बहिणीच्या लग्नासाठी व्याजाने पैसे काढावे लागले. मला शब्द येत होते, वाक्य येत नव्हते. त्याचा भुर्दंड घराला बसला.

मुलामुलींनो, आणि मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आई-वडिलांनो, त्या दिवशी गुरुजींनी मला जे शिकवले तेच आज सांगतो.

इंग्रजी वाक्य लांब दिसले की घाबरू नका. पेन्सिल घ्या आणि काळ दाखवणारी क्रियापदे शोधा. आपल्या वाक्यात ती तीन आहेत : ‘वॉज रिसीव्हड’, ‘विल नॉट बी पेड’ आणि ‘सेंड’. प्रत्येकाला आपला कर्ता आहे. कर्ता आणि असे क्रियापद यांची जोडी जमली की झाला एक क्लॉज, म्हणजे उपवाक्य. तीन क्रियापदे, म्हणून तीन क्लॉज.

‘बिफोर द एंड ऑफ जून’ यात मात्र क्रियापद नाही. हा नुसता शब्दांचा गट आहे. त्याला फ्रेज म्हणतात. फ्रेज केव्हा, कुठे, कसे, कशाचे एवढेच सांगते. फ्रेजच्या पोटात आणखी एक फ्रेजही असू शकते. इथे ‘ऑफ जून’ तशी आहे.

एक सावधगिरी बाळगा. ‘टू सेंड’ किंवा नुसते ‘सेंडिंग’ ही काळ दाखवणारी क्रियापदे नव्हेत. ती दिसली म्हणून क्लॉज मोजू नका. ‘ही इज सेंडिंग’ म्हटले की ‘इज’मुळे क्लॉज होतो.

आता तीन क्लॉजमध्ये मुख्य कोणता? जो एकटा उभा राहू शकतो तो. ‘युवर क्लेम विल नॉट बी पेड’ हे एकटे उभे राहते. ‘अनलेस यू सेंड द सर्टिफिकेट’ एवढेच म्हटले तर ऐकणारा विचारील, “नाहीतर काय?” तो गौण क्लॉज. मुख्य क्लॉज म्हणजे रेल्वेचे इंजिन, एकटे धावते. गौण क्लॉज म्हणजे डबा. व्हेन, इफ, अनलेस, बिकॉज, ऑलदो, हू, विच, दॅट हे शब्द म्हणजे डबा जोडणारे कपलिंग. अँड, बट, ऑर हे मात्र दोन बरोबरीची वाक्ये जोडतात. तिथे कोणी मुख्य नाही, कोणी गौण नाही.

पण डबा गौण म्हणून सोडून देऊ नका. आमच्या पत्रातली खरी वाट ‘अनलेस’च्या डब्यातच होती! ‘अनलेस’ म्हणजे ‘जर नाही तर’. नकार त्याच्या पोटातच असतो, म्हणून पुढे पुन्हा ‘नॉट’ घालायचा नाही.

आपल्या मुलांच्या काही चुका मराठीच्या सवयीमुळे होतात. आपण ‘जरी-तरी’ असे जोडीने म्हणतो. म्हणून मुले ‘ऑलदो’ लिहून पुढे ‘बट’ही लिहितात. इंग्रजीत एकच पुरतो. ‘जेव्हा-तेव्हा’चेही तसेच. ‘व्हेन द सायरन ब्लू, फादर वेंट टू वर्क’ एवढे पुरे, मध्ये ‘देन’ नको. आपण ‘जी मुलगी काल आली ती माझी बहीण’ असे म्हणतो. इंग्रजीत मुलगी आधी आणि तिची ओळख मागून : ‘द गर्ल हू केम यस्टरडे इज माय सिस्टर.’ आपण ‘टेबलावर’ म्हणतो, ‘वर’ शेवटी. इंग्रजीत ‘ऑन द टेबल’, म्हणजे ‘ऑन’ आधी. सगळ्यांत मोठा फरक क्रियापदाचा. मराठीत ते बहुधा वाक्याच्या शेवटी बसते, इंग्रजीत बहुधा कर्त्याच्या लगेच मागे.

‘बहुधा’ म्हणण्याचे कारण आहे. आपल्या संविधानाची उद्देशिका घ्या. इंग्रजीत आज ती ८५ शब्दांची आहे आणि ते सगळे मिळून एकच वाक्य आहे. कर्ता अगदी आरंभी : ‘वुई’, आम्ही. मुख्य क्रियापदे थेट शेवटी : ‘अॅडॉप्ट’, ‘एनॅक्ट’ आणि ‘गिव्ह’. मधल्या सगळ्या मजकुरात काळ दाखवणारे दुसरे क्रियापद शोधा. सापडणार नाही! ‘हॅविंग रिझॉल्व्हड’पासून सुरू होणारी ती एक लांबलचक फ्रेज आहे. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे सारे त्या फ्रेजमध्ये सामावले आहे. म्हणजे एवढे मोठे वाक्य, पण त्यात गौण क्लॉज एकही नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाजवादी, धर्मनिरपेक्ष आणि एकात्मता या अर्थाचे शब्द त्यात घातले गेले. ते फ्रेजमध्ये बसले, म्हणून वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा राहिला. मधले सगळे बाजूला ठेवून वाचले तर अर्थ उरतो : आम्ही हे संविधान स्वीकारतो, त्याचा कायदा करतो आणि ते स्वतःला देतो. कोण देतो, काय देतो, कोणाला देतो, तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. शब्द मुलांना लवकर येतात. वाक्य उलगडण्याची सवय मात्र घरी लावावी लागते. रोज रात्री जेवणे आटोपल्यावर पुस्तकातले, नोटिशीतले किंवा औषधाच्या खोक्यावरचे एक इंग्रजी वाक्य घ्या. मुलाला क्रियापदांखाली रेघ मारायला सांगा. मग विचारा : प्रत्येकाचा कर्ता कोण? एकटा उभा राहणारा क्लॉज कोणता? जोडणारा शब्द कोणता? आईला इंग्रजी येत नसले तरी हे तीन प्रश्न मराठीतून विचारता येतात.

माझी मुलगी यंदा आठवीत आहे. परवा तिला पेटीतले ते पत्र काढून दिले. तिने तीन रेघा मारल्या, ‘अनलेस’भोवती गोल केला आणि म्हणाली, “बाबा, हे तर पैसे देतो म्हणतायत. दाखला कधी पाठवला आजोबांनी?”