वॉटर स्कूटरची मंद चाल

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांस घेऊन धावणाऱ्या वॉटर स्कूटरला सुकाणू नसते. मागून सुटणारा पाण्याचा झोत वळवावा, तशी ती वळते. म्हणूनच मंद गतीत असताना थ्रॉटलचा खटका दाबूनही इंजिन अडखळले, तर वेगाबरोबर दिशाही हातची जाते; आणि समोर कमरेइतक्या पाण्यात माणसे उभी असतात.

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या यंत्रांत हा दोष बहुधा पावसाळ्यानंतर दिसतो. झाकून ठेवलेल्या यंत्रातील पेट्रोल उडून जाते व त्याचा चिकट साका मंद गतीच्या जेटमध्ये बसतो. या जेटचे छिद्र ते केवढे! त्यातून पेट्रोल अपुरे येते. हवा मात्र तेवढीच. असे मिश्रण पेटले तरी जोर देत नाही, शिवाय इंजिन फार तापते.

पुष्कळ जण लगेच स्क्रू फिरवू लागतात. ही घाई व्यर्थ होय. प्रथम जेट काढून धुवावा, हवेने फुंकावा. तारेने मात्र खरवडू नये, छिद्र मोठे होते. मग स्क्रू थोडाथोडा फिरवून, दर वेळी यंत्र पाण्यात चालवून पाहावे. कार्ब्युरेटर दोन असल्यास दोहोंच्या झडपा एकदमच उघडतात ना, हेही तपासावे लागते.