डोंगरवाटेची निगा

डोंगरातील पाऊलवाट ही कोणी मुद्दाम केलेली वस्तू आहे, असे आपल्या मनात सहसा येत नाही. माणसांची व गुरांची पावले पडत गेली आणि वाट झाली, अशीच आपली समजूत असते. गावकऱ्यांच्या रोजच्या वाटेपुरती ती खरीही आहे. परंतु जेथे केवळ हौसेने चालणारे लोक हजारोंच्या संख्येने येतात, तेथील वाट पावलांनी घडत नाही, पावलांनी मोडते. ती आखावी लागते, बांधावी लागते, आणि पुढे दरवर्षी राखावी लागते. हे राखण्याचे काम मुख्यतः स्वयंसेवकांच्या हातांनी पिढ्यान् पिढ्या कसे चालते, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील ॲपलेशियन वाटेकडे पाहावे.

ही वाट दक्षिणेस जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेस मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांतून, सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. तिची कल्पना बेंटन मकाय या वनशास्त्रज्ञाने १९२१ साली वास्तुशास्त्रज्ञांच्या एका नियतकालिकात मांडली. शहरातील कारखान्यांत पिचणाऱ्या माणसास डोंगरमाथ्यावर मोकळा श्वास घेता यावा, ठिकठिकाणी छावण्या व सामुदायिक शेते असावीत, असे मोठे स्वप्न त्यात होते. १९२५ मध्ये या कार्यासाठी मध्यवर्ती संस्था निघाली. तथापि कल्पना कागदावरून जमिनीवर उतरविली ती मायरन एव्हरी या वॉशिंग्टनमधील वकिलाने. १९३१ पासून १९५२ पर्यंत तो त्या संस्थेचा प्रमुख होता. सायकलचे एक चाक पुढे ढकलीत त्याने मैलन् मैल वाट मोजली, आणि गावोगावच्या मंडळांस कामाला लावले. १९३५ मध्ये, शेनन्डोआच्या डोंगरमाथ्यावरून मोटारींची सडक काढण्यात आली तेव्हा, दोघांत कायमचे वितुष्ट आले. सडक होऊच नये, असे मकायचे म्हणणे. वाट थोडी सरकवून काम पुढे न्यावे, असे एव्हरीचे. तत्त्व कोणाचे उंच हे वाचकांनी ठरवावे. वाट पुरी झाली ती मात्र एव्हरीच्या हट्टामुळे, असे मला वाटते.

पुरी झाली ती १४ ऑगस्ट १९३७ रोजी. मेनमधील एका डोंगराच्या कुशीत शेवटचा तुकडा जोडला गेला. आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३८ मध्ये, ईशान्य भागावर प्रचंड चक्रीवादळ येऊन उन्मळलेल्या वृक्षांनी मैलोगणती वाट बुजवून टाकली. मागोमाग महायुद्ध आले; वाट राखणारी तरुण मंडळी रणांगणावर गेली, आणि रान वाढत राहिले. युद्धात जिवलग मित्र गमावून परतलेला अर्ल शेफर हा तरुण १९४८ साली दक्षिणेकडून एकटा चालत निघाला, तो चार महिन्यांनी कटाडिनवर पोहोचला. ही वाट एकाच मोसमात सलग चालून गेल्याची ती पहिली नोंद. चालताना अनेक ठिकाणी त्यास वाट शोधावी लागली. खुणा नाहीशा झाल्या होत्या, झुडपे छातीपर्यंत माजली होती. पुरी झालेली वाट अकरा वर्षांत पुन्हा अपुरी झाली होती.

वाटेचा खरा शत्रू रान नव्हे, पाणी होय. तुडवून घट्ट झालेल्या मातीत पाणी मुरत नाही. उतारावर ते वाटेलाच ओढा समजून धावू लागते आणि वरची माती घेऊन जाते. मग खाली दगड व मुळे उघडी पडतात. त्यांवरून चालणे जड गेले की लोक कडेने चालतात. कडेचे गवत मरते, वाट रुंदावते, आणि पाण्यास वाहावयास आणखी जागा मिळते. म्हणून जाणकार लोक वाट डोंगराच्या कुशीतून आडवी नेतात व तिची दरीकडील कड किंचित खाली ठेवतात. वरून आलेले पाणी तिच्यावरून सरळ पलीकडे उतरून जाते. जेथे चढ टाळता येत नाही तेथे लाकडाचा ओंडका किंवा दगडांची ओळ वाटेवर तिरकी, निम्मी जमिनीत पुरून बसवितात. तिच्यावर आपटून पाणी बाजूस वळते. मात्र या आडबांधामागे गाळ साचतो. तो वेळोवेळी कुदळीने उपसला नाही, तर बांध असून नसल्यासारखाच. नागमोडी वळणांवर उतावळे लोक मधूनच आडवाट पाडतात. ती काटक्या व धोंडे टाकून बुजवावी लागते, अन्यथा एका पावसाळ्यात तिची घळ होते.

आपल्याकडे मृगापूर्वी कौले चाळावी लागतात, त्यातलाच हा प्रकार. गतवर्षी चाळली म्हणून यंदा चुकत नाही. किंवा अंगणातील सडासंमार्जन घ्या. घरातील स्त्री ते रोज करते, ते कोणाच्या नजरेस येत नाही. एक दिवस राहिले की मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत भरते.

अमेरिकेत हे काम तीसेक स्थानिक मंडळे वाटून घेतात. मंडळ आपल्या हद्दीतील काही मैल एखाद्या सभासदास किंवा कुटुंबास नेमून देते. तो तुकडा त्यांचा. वर्षातून चार-सहा वेळा तेथे जावयाचे, पडलेली झाडे दूर करावयाची, आडबांध उपसावयाचे, झाडांवरील दोन इंच रुंद व सहा इंच लांब पांढऱ्या खुणा रंगवावयाच्या. काही राखीव अरण्यांत यंत्राची करवत चालविण्यास कायद्याने बंदी आहे. तेथे दोन टोकांस दोघांनी धरून ओढावयाची जुनी करवतच वापरतात. हे करणाऱ्यांत शिक्षक असतात, कारकून असतात, निवृत्त अधिकारी असतात. १९६८ मध्ये सरकारने या वाटेस राष्ट्रीय दर्जा दिला, जमिनीही पुढे विकत घेतल्या. पण कुदळ अद्याप बव्हंशी मंडळांच्याच हाती आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलिन चक्रीवादळाने दक्षिणेकडील वाटेची दुर्दशा केली, तेव्हा पुन्हा तीच मंडळे करवती घेऊन रानात शिरली.

इकडे सह्याद्रीत पाण्याचा प्रश्न अधिकच बिकट आहे. महाबळेश्वरी सुमारे ५,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चारच महिन्यांत. आपल्या पूर्वजांना याची जाण होती. सातवाहनांच्या काळापासून कोकण व जुन्नर यांस जोडणाऱ्या नाणेघाटाच्या वाटेवर दगडी फरसबंदी आजही ठिकठिकाणी टिकून आहे. आज गडांवर सुटीच्या दिवशी जाणाऱ्यांची रीघ लागते. कित्येक उत्साही मंडळ्या टाकी उपसतात, तटावरील झुडपे काढतात, आणि हे फार चांगले आहे. वाटेकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. टाके उपसले की निर्मळ पाणी दिसते, त्याचे छायाचित्र घेता येते. गाळ काढलेल्या आडबांधाचे कोण घेणार? आपल्या सुशिक्षित घरांत हातात कुदळ धरणे अजून थोडे हलकेच मानतात, हेही त्यामागे नसेलच असे नाही. गाडगेमहाराजांच्या खराट्याचे कौतुक आपण करतो, खराटा मात्र त्यांच्याच हाती राहू देतो.

काम हाती घ्यावयाचे तर दोन गोष्टी आधी हव्यात. गड संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची, रान सरकारी असेल तर वनखात्याची परवानगी. जुन्या पायऱ्या आपल्या समजुतीने हलविणे किंवा त्यांवर सिमेंट ओतणे ही सेवा नव्हे. आणि दुसरे म्हणजे पाण्याची ओळख. जुलैमध्ये एखाद्या भरपावसाच्या दिवशी, धोक्याच्या जागा टाळून, घरातील दोघा-तिघा जाणत्या मुलांना बरोबर घेऊन जवळच्या टेकडीवर जावे. पाणी वाटेवर कोठे चढते, कोठे उतरते, गढूळ कोठे होते, हे वहीत टिपून आणावे. कुदळ त्या दिवशी घरीच ठेवावी.