तपासणी कुणाची?

देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. त्या वर्षी २६ मार्चच्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी जबाब द्यायला गेली. वय चौदा ते सोळाच्या मधलं, आईबाप नाहीत, मोलमजुरीवर पोट. तिला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावानेच दिली होती. जबाब झाल्यावर बरोबरच्या माणसांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत थांबवून घेतलं. पुढे काय झालं ते न्यायालयांनी सहा वर्षं तपासलं, पण त्यातली बरीचशी तपासणी तिचीच होती.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने बलात्काराच्या या खटल्यातल्या दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती आणि ती धादांत खोटारडी आहे, असं त्या निकालाचं म्हणणं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो फिरवला: ठाण्यात, वर्दीपुढे, भीतीने गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही. कायद्याच्या पुस्तकात हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून आहे. लोकांच्या तोंडी मात्र तो त्या मुलीच्या नावाने राहिला. आरोपीच्या नावाने अत्याचाराचं प्रकरण ओळखण्याची सवय आपल्याला अजूनही फारशी लागलेली नाही.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. न्यायालयाच्या अंतिम निकालाला असं जाहीरपणे विचारणं तेव्हा धाडसाचंच होतं. १९८० च्या महिला दिनाला अनेक शहरांत मोर्चे निघाले, मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, की ती नव्हती असं न्यायालयाने गृहीत धरायचं; आरोपीने उलट सिद्ध करायचं. पीडितेचं नाव छापायला बंदी आली. पण तिचं चारित्र्य उकरून काढायला वाव देणारं कलम पुराव्याच्या कायद्यातून जायला पुढची वीस वर्षं लागली.

नजर आधी बाईकडे वळते, ही काही विसाव्या शतकाची खोड नव्हे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे ती शिक्षा सौम्य झाली. त्या निमित्ताने मराठी पत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर जे लिहिलं गेलं, त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिलं. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत किती आहेत, ते आधी मोजा, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे तपासणीची दिशा फिरवा. जोतिराव फुल्यांनी त्यांची पाठराखण केली. बाकीच्यांनी टीका केली किंवा दुर्लक्ष. पुस्तक विस्मरणात गेलं ते इतकं, की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा ते नवं वाटावं.

ताराबाईंचं पुस्तक आलं त्याच दशकात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला त्या जाईनात. १८८४ मध्ये नवरा न्यायालयात गेला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. ‘केसरी’ त्यांच्या विरोधात उभा राहिला. धर्म बुडतो, कुटुंब मोडतं, शिकलेल्या बायका अशाच, हा सूर. शेवटी १८८८ मध्ये पैशांवर तडजोड झाली. रखमाबाई विलायतेत डॉक्टर झाल्या आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांनी सुरत, राजकोटला बायकांवर उपचार केले. नांदायला लावण्याचा तो दावा मात्र हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आजही शाबूत आहे.

बाईच्या शरीरातच पुरावा शोधायचा हा हट्ट कसा टिकतो, याचं ठळक उदाहरण म्हणजे दोन बोटांची चाचणी. बलात्काराची तक्रार आली की डॉक्टरने योनिमार्गात बोटं घालून ‘सवय’ आहे का ते बघायचं. या चाचणीला शास्त्राचा आधार नाही. तरी न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासणीच्या दर्जावर अहवाल लिहिला आणि पाठपुरावा केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये या चाचणीला घटनाबाह्य ठरवलं. २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं, आणि या वेळी ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरू असंही बजावलं. एकच गोष्ट नऊ वर्षांनी दुसऱ्यांदा सांगावी लागते, यातच काय ते आलं.

इस्पितळातल्या या चाचणीची जुळी बहीण जातपंचायतीत होती. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री नवरीची कौमार्य चाचणी, पांढरी चादर, आणि सकाळी पंचांसमोर नवऱ्याला विचारायचं, माल खरा की खोटा. २०१७-१८ मध्ये पुणे आणि आसपासच्या, त्याच समाजातल्या तरुण मुलामुलींनी याविरुद्ध मोहीम काढली. त्यांना बहिष्कार सोसावा लागला, मारही खावा लागला. त्या बातम्या वाचून पांढरपेशा वाचकाने हळहळ व्यक्त केली. पण आपल्याच सरकारी दवाखान्यात पांढऱ्या कोटातला माणूस नेमकं तेच करत होता, हे त्याला त्या वेळी आठवलं असेल का, शंका आहे.

आता घराकडे वळू. तिथे नजर पोचतच नाही. ऐंशीच्या दशकात ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी इतकी नेहमीची होती, की आतल्या पानावर चार ओळींत संपायची. स्टोव्ह सासूवर, नणंदेवर कधी भडकत नाही, सुनेवरच कसा भडकतो, हे मोठ्याने विचारलं ते स्त्रीसंघटनांनी. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन मांडलं. मंजुश्री या ज्या विवाहितेच्या मृत्यूवरून ते उभं राहिलं, तिच्या खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीला निर्दोष सोडलं. पण प्रदर्शनाचा प्रश्न एका नवऱ्यापुरता नव्हताच. माहेरच्यांनी मुलीची पत्रं वाचून काय केलं, शेजाऱ्यांनी काय ऐकलं, हा होता. ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक याच सुमारास गावोगाव गेलं. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून मुलीला परत धाडणाऱ्या आईबापांना पहिल्यांदाच कुणीतरी समोर बसवून बोलत होतं.

१९८३ मध्येच दंड संहितेत सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ आलं. आज कुठल्याही लग्नाच्या पंगतीत या कलमाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ‘त्याचा गैरवापर फार होतो’ हेच असतं. गैरवापर होतच नाही असं नाही. पण २०२२ मध्ये देशात स्त्रियांविरुद्धचे ४ लाख ४५ हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले, त्यांत जवळपास तिसरा हिस्सा नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचा होता. आणि ही झाली नोंदलेल्यांची गोष्ट. ठाण्यात गेलेल्या बाईला आधी ‘घरचं घरात मिटवा’ ऐकावं लागतं, मग अदखलपात्र नोंदीचा कागद मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाची मदत मागितली होती. ७७ टक्क्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. महाराष्ट्रात विवाहित बायकांत दर चौघींत एकीने नवऱ्याचा मार किंवा बळजबरी सोसलेली आहे.

त्याच पाहणीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा मात्र वेगळा आहे. न सांगता बाहेर गेली, मुलांकडे दुर्लक्ष केलं, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही: अशा सातपैकी एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने मारलं तर ते योग्य, असं देशातल्या ४४ टक्के पुरुषांना वाटतं. बायकांना? ४५ टक्के. ‘बायकाच बायकांच्या शत्रू’ हे तयार वाक्य इथे अनेकांच्या जिभेवर येईल. मला ते पटत नाही. जिला परतायला माहेर नाही, नावावर जमीन नाही, ती मार बसण्यामागे काहीतरी नियम आहे असं मानते. नियम पाळला तर मार चुकेल, एवढीच तिच्या हातातली गोष्ट. नवऱ्याने टाकलेल्या बायकांचे मेळावे १९८८ मध्ये संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरवले, तेव्हा मागण्या होत्या पोटगी, घर, रेशनकार्ड. सहानुभूती नव्हे.

जातीचं काय, हा प्रश्न टाळून हा आढावा पुरा होणार नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलं जमावाने मारली. सुरुवातीच्या बातम्यांत काय आलं? अनैतिक संबंधांवरून गावकऱ्यांचा राग. मेलेल्या बाईच्या चारित्र्याची चौकशी मारेकऱ्यांच्या चौकशीआधी सुरू झाली. न्यायालयाने पुढे जन्मठेपा दिल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा तिथे लागू झाला नाही. सवर्ण मुलीवर अत्याचार झाला की लाखोंचे मोर्चे निघतात, ते निघावेतच. पण कुठल्या मुलीसाठी रस्ता भरतो आणि कुठल्या मुलीची आधी चौकशी होते, हे बघितलं तर समाजाच्या नजरेला जात कळते, हे मान्य करावं लागतं.

नजर वेगळी ठेवता येते, याचीही उदाहरणं आहेत. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. कल्पना साधी: मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जात नाही, पण दवाखान्यात येतेच. जिन्यावरून पडले म्हणते. त्या ‘पडण्या’कडे नीट बघायला, न रागावता विचारायला आणि केसपेपरवर खरं कारण लिहायला परिचारिकांना शिकवलं गेलं. तो कागद पुढे कोर्टात उपयोगी पडतो. पुरुषांच्या बाजूने ‘मावा’ ही संघटना १९९३ पासून मुंबईत तरुण मुलांशी बोलते. ‘पुरुष स्पंदनं’ हा त्यांचा अंक दिवाळीलाच निघतो. मुलांना तिथे विचारलं जातं, तुम्ही काय करता? मुलगी काय घालते, हे नाही.

लग्नाच्या आतली बळजबरी मात्र अजूनही नजरेबाहेर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही जुना अपवाद कायम ठेवला: बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याने केलेला बलात्कार हा बलात्कार नाही. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचं यावर एकमत झालं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, की अशा संबंधांना बलात्कार म्हणणं अतिकठोर होईल आणि विवाहसंस्थेवर त्याचा परिणाम होईल. १८८७ च्या ‘केसरी’ला हे म्हणणं अनोळखी वाटलं नसतं. त्याच महिन्यात सुनावणी सुरू झाली आणि सरन्यायाधीश निवृत्त होणार म्हणून ती पुढे ढकलली गेली.