सनमायकाच्या दारांना नवा रंग

घराला रंग काढला की एक प्रश्न हमखास उभा राहतो. भिंती उजळल्या, पडदे धुऊन झाले. परंतु ओट्याखालच्या कपाटांच्या दारांचे काय करावयाचे? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने निवडलेला बदामी सनमायका आता मुठीपाशी झिजलेला, हळदीच्या बोटांनी डागाळलेला असतो आणि नव्या भिंतीशेजारी अधिकच केविलवाणा दिसतो. सुताराला बोलवावे, तर तो दारांवर ओझरती नजर टाकून "सगळे काढून नवे करू" असा निकाल देतो. त्याचे म्हणणे कधी खरे असते, पुष्कळदा नसते. आतले लाकूड शाबूत असेल, तर ही दारे घरच्या घरी रंगविता येतात. मात्र ती लाकडाच्या दारांसारखी रंगवू गेल्यास पस्तावण्याची पाळी येते.

हे अनुभवाने सांगत आहे. नागपूरच्या आमच्या घरातील स्वयंपाकघराची कपाटे वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून करवून घेतली होती. ते गेल्यावर कपाटे जुनी झाली, तरी ती मोडावयास आई तयार होईना. तेव्हा खिडक्यांसाठी आणलेल्या ऑइल पेंटपैकी उरलेल्या रंगाचे दोन हात त्या दारांना दिले. आठवडाभर दारे अशी चकाकत होती, की शेजारची मंडळी पाहून गेली. चौथ्या महिन्यात मुठीजवळ एक पोपडा सुटला. घरातल्या लहान मुलाने त्याला नख लावले आणि हाताएवढी पट्टी सालीसारखी उतरून आली. आई काही बोलली नाही. त्या दिवसापासून ती दारांवरून फडका हळू फिरवू लागली, इतकेच.

असे का व्हावे? त्यासाठी सनमायका म्हणजे काय हे थोडे समजून घ्यावे लागेल. जाड तपकिरी कागदाचे अनेक थर फेनॉलच्या राळेत भिजवितात. त्यांवर नक्षीचा एक कागद ठेवितात आणि तो मेलामाइनच्या राळेत भिजविलेला असतो. ही चळत १२० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेत, दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोहून अधिक भार पडेल अशा दाबाखाली दाबली, की जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा एक कठीण तक्ता तयार होतो. म्हणजे ज्याला आपण वर्षानुवर्षे पुसत आलो, तो वस्तुतः कागदच आहे! अमेरिकेतील सिनसिनाटी येथे १९१३ साली दोन अभियंत्यांनी असे तक्ते करण्याचा कारखाना काढला, तो विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरावयास काही स्वस्त मिळावे म्हणून. 'अभ्रकासाठी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरूनच त्या मालाला 'फॉर्मायका' हे नाव पडले. आपल्याकडे रूढ झालेल्या 'सनमायका' या व्यापारी नावाच्या शेपटातही तेच अभ्रक दडले आहे. कोडरमाच्या खाणींतून जगभर अभ्रक पाठविणाऱ्या देशात अभ्रकाचा कणही नसलेल्या कागदी तक्त्याने ते नाव घरोघर पोचवावे, ही गंमतच म्हणावयाची.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. लाकूड रंग पिते. त्याच्या रंध्रांत रंगाची मुळे रुजतात, म्हणा ना. मेलामाइनचा पृष्ठभाग काहीच पीत नाही. तेल, पाणी, डाग आत शिरू नयेत म्हणूनच तो बनविलेला आहे, आणि रंगालाही तो तोच न्याय लावतो. त्यामुळे रंगाला धरावयास जागा करून द्यावी लागते. एकूण श्रमाचे तीन हिस्से या तयारीवर आणि एकच हिस्सा रंगावर खर्च होतो, अशी मनाची तयारी असू द्यावी.

प्रथम दारांची तपासणी करा. सिंकखालच्या दाराची खालची कड बोटाने दाबून पाहा. ती फुगली असेल, भुसा सुटत असेल, तर आतील भुशाच्या फळीने पाणी प्यालेले आहे. तिला कोणताही रंग वाचविणार नाही. ते एक दार नवे करून घ्यावे, बाकीची रंगवावीत. कडेला सनमायका नुसताच सुटला असेल, तर आतली धूळ झटकून, फेविकॉल भरून, शिकंज्यात किंवा वजनाखाली रात्रभर दाबून ठेवावा. खड्डे पडले असतील तेथे लांबी भरावी.

मग दारे उतरवा. प्रत्येक दाराच्या बिजागरीच्या जागी पेन्सिलीने क्रमांक घाला व त्याचे स्क्रू त्याच क्रमांकाच्या पुडीत ठेवा. हा सल्ला बालिश वाटेल. परंतु बाहेरून सारखी दिसणारी आठ दारे परत बसवू लागलात, की त्याची किंमत कळते. त्यानंतर भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्याने दारे दोनदा धुवा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. फोडणीचा तेलकट थर डोळ्यांना दिसत नाही, पण रंगाला तो बरोबर सापडतो. हे धुणे घासण्याच्या आधीच व्हावयास हवे; नाहीतर काचकागद तेच तेल ओरखड्यांत घोळवितो.

घासण्यासाठी १८० किंवा २२० क्रमांकाचा काचकागद घ्यावा. उद्देश चकाकी मारण्याचा आहे, थर उतरविण्याचा नव्हे. दार खिडकीशी तिरपे धरून पाहा. जेथे उजेड अजून चमकतो तेथे पुन्हा हात फिरवा. खालचा तपकिरी कागद डोकावू लागला, की हात आवरा. दारांवर पूर्वी कोणी ऑइल पेंट दिलेला असेल, तर मात्र कोरडे घासू नका. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. असा रंग ओला करून घासावा, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी, मुलांना दूर ठेवावे आणि धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

आता अस्तर. दुकानदार बहुधा लाकडाचा प्रायमर पुढे करील. तो घेऊ नका. तो लाकडात मुरण्यासाठी असतो, आणि येथे मुरावयास जागाच नाही. सनमायका, टाइल, काच अशा गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर मागा व डब्यावर तसे छापले आहे ना, हे स्वतः वाचा. एकदम सगळी दारे हाती घेण्यापूर्वी एकाच्या कोपऱ्यात अस्तर व रंग लावून आठवडाभर थांबा. मग पात्याने तेथे फुलीसारख्या रेघा ओढा, त्यांवर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. पट्टीबरोबर रंग आला, तर घासणे कमी पडले किंवा प्रायमर चुकला. कोपरा बिघडलेला बरा.

रंग इनॅमल घ्यावा. पांढराच हवा असेल तर पाण्यात मिसळणारा इनॅमल चांगला. तेलाचा पांढरा रंग काळोख्या कोपऱ्यात लवकर पिवळा पडतो. लहान फोम रोलरने दोन पातळ हात द्या. एकाच जाड हातात काम उरकू पाहाल, तर कडेला ओघळ येतात. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. हवाही पाहावी लागते: महाराष्ट्रात पावसाळा टाळावा, चेन्नईकडे पावसाचा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो, दिल्लीच्या जानेवारीत थंडीमुळे रंग वाळता वाळत नाही.

रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, परंतु त्याला खरी कठीणता यावयास दोन-तीन आठवडे लागतात. तोवर दारे एकमेकांवर रचू नका, ती चिकटतात. बसविल्यावरही महिनाभर ती चोळून धुऊ नका.

आमच्या दुसऱ्या खेपेला हे सारे केले. जुने पोपडे खरवडण्यातच चार दिवस गेले. आता सहा वर्षे झाली. दारे टिकून आहेत, फक्त गॅसजवळच्या दाराला एकदा पुन्हा हात द्यावा लागला. दारांची आतली बाजू रंगविली नाही. ती दिसत नाही आणि डबे घासून तिचा रंग आधी जातो, हे एक कारण. दुसरे असे, की वाणसामानाच्या कपाटाच्या दारावर आतून वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेला दुधाचा हिशेब आहे. धुताना आईने तेवढ्या जागी पाणी लागू दिले नाही.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून, तिच्यावर रंगाचा क्रमांक व तारीख लिहून, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावा. मुठीभोवती पहिला टवका उडेल तेव्हा तो लागेल.