आत्मसंरक्षणाचा हक्क आणि दिवाणी दायित्व (भारत)

आत्मसंरक्षणाचा हक्क म्हणजे स्वतःच्या किंवा इतरांच्या शरीरावर अथवा मालमत्तेवर होणारे आक्रमण परतवून लावण्यासाठी आवश्यक तेवढे बळ वापरण्याची कायद्याने दिलेली मुभा होय. भारतीय कायद्यात यालाच ‘खाजगी संरक्षणाचा हक्क’ असेही म्हणतात. बळाच्या अशा वापराची तपासणी दोन स्वतंत्र अंगांनी होते: फौजदारी कायद्यानुसार तो अपराध ठरतो का, आणि दिवाणी कायद्यानुसार जखमी व्यक्तीस भरपाई द्यावी लागते का.

फौजदारी कायद्यातील तरतुदी

१८६० च्या भारतीय दंड संहितेत हा हक्क कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या तरतुदी कलम ३४ ते ४४ मध्ये आहेत. हा हक्क बजावताना केलेली कृती अपराध ठरत नाही. मात्र पोलिसांसारख्या सार्वजनिक यंत्रणेची मदत घेण्यास अवधी असेल, तर हा हक्क मिळत नाही. तसेच बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही (कलम ३७).

मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला इत्यादींची वाजवी भीती असल्यास हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो (कलम ३८). मालमत्तेच्या बाबतीत ही मर्यादा अधिक कडक आहे. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी यांसारख्या मोजक्या प्रसंगीच ती मुभा आहे (कलम ४१). साध्या चोरीत नाही. शरीराच्या संरक्षणाचा हक्क धोक्याच्या वाजवी भीतीबरोबर सुरू होतो आणि ती भीती संपताच संपतो. म्हणून मुद्देमाल परत मिळाल्यावर, बांधून ठेवलेल्या चोराला केलेली मारहाण संरक्षण नसून स्वतंत्र अपराध ठरते.

दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे एकत्रित मांडली. अचानक संकटात सापडलेल्या माणसाने आपला प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलून करावा, अशी अपेक्षा न्यायालये ठेवत नाहीत. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो; परंतु तो निःसंशय सिद्ध करावा लागत नाही, त्याची संभाव्यता दाखवणे पुरेसे असते.

दिवाणी दायित्व

भारतात अपकृत्यांचा कायदा संहिताबद्ध नाही. तो मुख्यतः न्यायनिर्णयांतून घडला आहे. हल्ल्याबद्दल भरपाईचा दावा झाल्यास प्रतिवादी आत्मसंरक्षणाचा बचाव घेऊ शकतो. त्यासाठी धोका निकटचा होता आणि वापरलेले बळ प्रमाणशीर होते, हे त्याला दाखवावे लागते. फौजदारी खटल्यातील निर्दोष सुटका दिवाणी न्यायालयावर आपोआप बंधनकारक नसते, कारण तेथे पुराव्याची कसोटी वेगळी असते. मृत्यू ओढवला असल्यास मृताचे पती वा पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी प्राणघातक अपघात अधिनियम, १८५५ खाली भरपाई मागता येते.

सापळे आणि विजेचे कुंपण

मालमत्तेच्या रक्षणासाठी लावलेले छुपे सापळे हा या विषयातील सर्वांत बोधक भाग आहे. सापळ्याला चोर आणि वाट चुकलेला वाटसरू यांतील फरक कळत नाही. इंग्लंडमधील बर्ड विरुद्ध हॉलब्रुक (१८२८) या खटल्यात ट्युलिपच्या बागेत सूचना न देता लावलेल्या बंदुकीच्या सापळ्याने, शेजाऱ्याची लांडोर आणायला गेलेला तरुण जखमी झाला आणि बागमालकाला भरपाई द्यावी लागली. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात आरोपीने आपल्या शौचालयाच्या वाटेवर वीजप्रवाह सोडलेली उघडी तार लावली होती आणि तिचा धक्का बसून शेजारीण मरण पावली. ती परवानगीविना आली होती, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम ठेवली. रामानुज मुदली विरुद्ध एम. गंगन या दाव्यात, रात्री शेतातून जाताना अशाच तारेने जखमी झालेल्या माणसाला भरपाई देण्यास मद्रास उच्च न्यायालयाने जमीनमालकास जबाबदार धरले.

रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी कुंपणात थेट वीज सोडणाऱ्या शेतकऱ्यांनाही हेच तत्त्व लागू पडते: अतिक्रमण करणाऱ्याला हटकता येते, बाहेर काढता येते, पण कोण येईल हे ठाऊक नसताना प्राणघातक साधन मांडून ठेवता येत नाही.