मागच्या रांगेतलं दुःख

रविवारी सकाळी विहारातल्या अभ्यासिकेत पाच कॉलेजची मुलं-मुली वही घेऊन बसली होती. कॉलेजच्या स्पर्धेसाठी त्यांना दहा मिनिटांची फिल्म करायची होती. प्रेमकथा, आणि शेवटी वियोग. मला बोलावलं ते एका प्रश्नासाठी. "काकू, डेंग्यूनं माणूस किती दिवसांत जातो?"

मी म्हटलं, आधी कथा सांगा.

तो आपल्या वस्तीतला. ती नाल्यापलीकडच्या चाळीतली, दुसऱ्या जातीची. दोघं अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. नोट्सच्या वह्यांची देवाणघेवाण होते, वहीच्या समासात चिठ्ठ्या सुरू होतात. दोन्ही घरांना काही माहीत नाही. तिला ताप येतो आणि ती जाते. शेवटच्या दृश्यात तो तिची वही छातीशी धरून गच्चीच्या कठड्यावर चढतो. पडदा काळा.

डेंग्यूचं उत्तर मी दिलं. ते सगळ्यांनीच लक्षात ठेवावं. ताप उतरला म्हणजे धोका टळला असं नसतं. बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरत असतानाच रोगी बिघडू शकतो. पोटात जोराची कळ, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगातलं त्राण जाणं, यातलं एक जरी दिसलं तरी थेट दवाखाना गाठायचा.

मग मी त्यांना एक प्रश्न विचारला. "ती गेली, त्याच्या दुसऱ्या सकाळी हा पोरगा काय खातो?"

कुणालाच सांगता येईना. नायकाचं काम करणार होता तो मुलगा जरा वेळानं म्हणाला, "काही नाही खात. आणि कुणी विचारतही नाही."

तो कथेतलं बोलत नव्हता. गेल्या वर्षी त्याची मैत्रीण गेली होती. ती आपल्याच समाजातली, शेजारच्या वस्तीतली. तरी घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तिच्या पुण्यानुमोदनाला तो गेला आणि मागं, चपला काढतात तिथं उभा राहिला. लोक आईला धीर देत होते, भावाच्या पाठीवर हात ठेवत होते. याला कोण ओळखणार? घरी येऊन पोट दुखतंय म्हणाला आणि झोपला. ही गोष्ट त्याच्या बरोबरच्या चौघांनाही त्या दिवशीच कळली. त्याच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही एवढंच इथं लिहिते.

ज्या दुःखाला जागा नाही

आपण बाविस प्रतिज्ञा घेतल्या, श्राद्ध आणि पिंडदान सोडलं. पण माणसांनी एकत्र बसून गेलेल्याची आठवण काढायची रीत आपण सोडली नाही. जलदान विधी, पुण्यानुमोदन, शोकसभा यांतून घरच्यांना आधार मिळतो. शेजारीण चहा घेऊन येते, कुणी रात्री सोबतीला झोपतं, कुणी भाकरी करून आणतं. दुःख झालेल्या माणसासाठी हे औषधच आहे.

हा आधार नात्याच्या नावानं मिळतो. आई, बाप, नवरा, बायको, भाऊ, बहीण. ज्याच्या नात्याला नाव नाही, त्याच्या वाट्याला तो येत नाही. लपवलेलं प्रेम, मोडलेलं लग्न, पोटातच गेलेलं मूल, ही सगळी अशीच दुःखं. अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा शोकाला वेगळं नाव देऊन त्यावर लिहिलं. त्यांचं सांगणं साधं आहे. समाज ज्या शोकाला मान्यता देत नाही, तो शोक करणाऱ्याला मोकळेपणानं रडताही येत नाही आणि आधारही मिळत नाही, म्हणून तो जास्त जड होतो.

आपल्याकडे यात जातीची भर पडते. नाल्यापलीकडच्या चाळीत त्या मुलाला शेवटचं दर्शन घ्यायला तरी जाता येईल का? गेलाच, तर तू कोण म्हणून विचारतील. मी मुलांना म्हटलं, तुमची फिल्म इथं आहे. कठड्यावर नाही.

दुःख अंगात कसं दिसतं

सिनेमात दुःख म्हणजे पाऊस, दाढी आणि दारूची बाटली. खरं दुःख तसं दिसतंच असं नाही. झोप लागत नाही, किंवा माणूस दिवसभर झोपून राहतो. घास गिळत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. वाचलेलं डोक्यात शिरत नाही. बारीकसारीक गोष्टीवरून चीड येते. कधी मित्रांत हसू येतं आणि लगेच आपण हसलो कसे म्हणून अपराधी वाटतं. गेलेल्याचा आवाज ऐकू आल्याचा भास होतो. सुरुवातीच्या काळात यातलं बरंचसं स्वाभाविक असतं. ते वेडाचं लक्षण नाही.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात असंही मुलांनी मोबाईलवर वाचलं होतं आणि पाच दृश्यं त्याप्रमाणे आखली होती. एलिझाबेथ क्युबलर-रॉस या डॉक्टरबाईंनी 1969 च्या पुस्तकात त्या मांडल्या, त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या रोग्यांशी बोलून. मागं राहिलेल्यांचं दुःख असं पायरी पायरीनं उतरत नाही. महिनाभर बरं वाटतं आणि एखाद्या दिवशी बसस्टॉपवर तिच्यासारखी ओढणी दिसली की पुन्हा पहिला दिवस.

दारूचं दृश्य मात्र मी काढायला लावलं. पंचशीलातलं पाचवं शील आठवा म्हटलं, आणि आरोग्याचंही कारण सांगितलं. दारूनं झोप आल्यासारखी वाटते पण ती मोडकी झोप असते. मन आणखी खचतं, आणि नको ते पाऊल उचलण्याचा धोका वाढतो.

रडणं म्हणजे कमजोरी नव्हे

एकानं विचारलं, "नायक रडला तर लोक हसतील ना?"

बाबासाहेबांना पाच मुलं झाली, त्यातले एकटे यशवंतराव जगले. लाडका राजरत्न 1926 मध्ये गेला. 27 मे 1935 रोजी राजगृहात रमाई गेल्या. त्यानंतर बाबासाहेब खोलीत एकटे बसून रडत राहिले, असं चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे. पुढं 1940 मध्ये 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ आला, तो त्यांनी 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला. पाच वर्षांनंतरही आठवण होती, आणि कामही चाललं होतं. दुःख विसरल्याशिवाय माणूस उभा राहत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

किसा गोतमीची कथा तर आपल्या घराघरांत माहीत आहे. बाबासाहेबांनी ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्येही घेतली आहे. मेलेलं बाळ घेऊन ती औषध मागत फिरत होती. तथागतांनी तिला रडू नकोस म्हटलं नाही. ज्या घरात कुणी मेलेलं नाही अशा घरातून मोहरी आण म्हणाले. आपण या कथेतून मृत्यू अटळ आहे एवढंच शिकतो. आरोग्याच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट बघा. त्या निमित्तानं ती दारोदार गेली. प्रत्येक दारात कुणीतरी आपलं दुःख तिला सांगितलं. ती एकटी उरली नाही.

शेवट का बदलला

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सिनेमा आणि नाटकवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. आत्महत्या दाखवताना तिची पद्धत दाखवू नका, तिला प्रश्नाचं उत्तर किंवा प्रेमाचा पुरावा बनवू नका, मदत मागणारी आणि सावरणारी माणसं दाखवा, असं तिचं सार. असं चित्रण पाहून आधीच खचलेली तरुण माणसं तोच मार्ग धरू शकतात, म्हणून ही काळजी. आपली फिल्म बघायला वस्तीतलीच पोरं बसणार आहेत. त्यांत चपलांपाशी उभा राहिलेला कुणी असेल तर?

सावरणं दाखवलं की फिल्म गुळमुळीत होईल, अशी मुलांना भीती होती. मी त्यांना नीरज घायवान यांचा 2015 सालचा 'मसान' बघायला सांगितला. बनारसच्या घाटावर प्रेतं जाळणाऱ्या डोम कुटुंबातला दीपक आणि वरच्या जातीतली शालू. बस अपघातात ती जाते आणि तिचं प्रेत त्याच्याच घाटावर येतं. बोटातल्या अंगठीवरून तो तिला ओळखतो. पुढं तो मित्रांसमोर फुटून रडतो, आणि ते मित्र त्याच्याजवळ बसून राहतात. तो मरत नाही. शिकलेल्या विद्येवर नोकरी धरतो, गाव बदलतो. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येतंच, आणि कान चित्रपट महोत्सवात या फिल्मला दोन पुरस्कारही मिळाले.

शूटिंगची आखणी, मनाची काळजी घेऊन

लिहिलेलं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. म्हणून दहा पानांच्या वर जायचं नाही असं ठरलं. मोबाईल आडवा धरायचा, आवाजासाठी पहाटेची वेळ घ्यायची, अभ्यासिकेसाठी विहार समितीची परवानगी आधी मागायची. त्याबरोबर आम्ही आणखी काही नियम लिहिले. दुःखावर फिल्म करणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडतील.

• खऱ्या माणसाची गोष्ट घेत असाल तर त्याला विचारा. वाचून दाखवा. तो शेवटच्या दिवशी नाही म्हणाला तरी ऐका.

• ज्याचं दुःख ताजं आहे त्याला तेच दुःख अभिनयात पुन्हा जगायला लावू नका.

• रडण्याचं दृश्य दिवसाच्या शेवटी ठेवू नका. त्यानंतर हलकं दृश्य घ्या, मग सगळ्यांनी एकत्र जेवा. कुणालाही त्या अवस्थेत एकट्यानं घरी पाठवू नका.

• "खरं रडू येऊ दे, तुझी आई मेली असं समज," असं कलाकाराला कधीही सांगू नका.

• फिल्म दाखवून झाली की दिवे लावून निघून जाऊ नका. अर्धा तास बोलायला ठेवा, आणि मदतीचा नंबर पडद्यावर लिहा.

तो नंबर आहे 14416. ही सरकारची 'टेली मानस' सेवा आहे. चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

मदत कधी घ्यायची

मरणाचा विचार बोलून दाखवला, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, जेवणखाण सोडलं, दारू वाढली, तर वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. "मरायचा विचार येतो का?" असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. सहा महिने उलटले तरी दुःखाची धार पहिल्या दिवसासारखीच असेल, कॉलेज, काम, माणसं सगळं सुटलं असेल, तर त्याला लांबलेला शोक म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाण्यात काही लाज नाही.

आयाबापांना एक सांगणं. पोरगं अचानक गप्प झालं, पोट दुखतंय म्हणून दोनदा जेवण टाळलं, तर चौकशीचा सूर लावू नका. कोण होती, कुठली होती, हे नंतर. आधी जवळ बसा.

फिल्मचं शूटिंग पुढच्या महिन्यात आहे. त्या मुलानं नायकाचं काम सोडलं, स्वतःहून आवाजाची जबाबदारी घेतली. शेवटचं दृश्य त्यानंच सुचवलं. पुण्यानुमोदन संपतं. पोरगा मागं चपलांपाशी उभा आहे. तिची म्हातारी आजी येते, त्याच्याकडे बघते. नाव विचारत नाही. म्हणते, "जेवून जा, बाळा."

पुढच्या वेळी शोकसभेला गेलात की पुढं धीर देऊन झाल्यावर एकदा मागंही बघा.